तोट्यातली पार्टी सोडायची का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमधून हे पत्र आलं आहे. लिहिणारी मुलगी तिशीच्या आतली, इंजिनिअर. चार वर्षं हिंजवडीत नोकरी करून गेल्या वर्षी वडिलांच्या धंद्यात आली. शॉपमध्ये 9 मशीनं, 22 माणसं, दुसरी पाळी अर्धीच चालते. काम दोन प्रकारचं आहे. चाकणच्या एका कंपनीसाठी एकच फ्लँज, म्हणजे जोडणीची भोकं असलेली धातूची चकती, महिन्याला 12,000 नग. आणि पंप बनवणाऱ्या एका जुन्या पार्टीसाठी, म्हणजे गिऱ्हाइकासाठी, 14 प्रकारचे लहान जॉब, सगळे मिळून 3,000 नग.

बाबा सगळा ओव्हरहेड, म्हणजे भाडं, पगार, हप्ते असा एका नगाच्या नावावर थेट न टाकता येणारा खर्च, मशीनच्या तासावर वाटतात. महिन्याचे 9,60,000 रुपये, 2,400 तास, म्हणजे तासाला 400. त्या हिशेबाने फ्लँजवर नगामागे 60 रुपये बसतात आणि लहान जॉबवर 80. मटेरियल आणि ऑपरेटरची मजुरी वजा जाता, ओव्हरहेडच्या आधी, फ्लँजमध्ये नगामागे 58 सुटतात, लहान जॉबमध्ये सरासरी 110. म्हणून बाबा म्हणतात, "फ्लँज नुसती मशीनं फिरवते, घर लहान जॉबवर चालतं."

मुलीने अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंग, म्हणजे एबीसी पद्धतीने, कोणत्या कामाने किती खर्च ओढला ते पाहून, हिशेब पुन्हा मांडला, तर चित्र उलटं झालं. फ्लँजवर 42.50 रुपये, लहान जॉबवर 150. लहान जॉबवर नगामागे 40 रुपये तोटा, महिन्याला 1,20,000. तिला वाटतं, ही पार्टी सोडावी. बाबा म्हणतात, 2019 च्या मंदीत याच माणसाने आपली मशीनं चालू ठेवली. दोन आठवडे झाले, जेवताना दोघंही धंद्याचा विषय काढत नाहीत. तिचा प्रश्न: "आकडे माझ्या बाजूने असताना बाबांना कसं पटवू?"

उत्तर

तुमचं पत्र आणि सोबतची एक्सेल दोन्ही नीट पाहिलं. आधी एक गोष्ट मनापासून सांगते. बावीस माणसांच्या शॉपमध्ये सेटिंगच्या, म्हणजे मशीन पुढच्या जॉबसाठी लावण्याच्या, नोंदी, तपासणीचे रिपोर्ट, चलनं असं सगळं मोजून तक्ता करणं सोपं नाही. भोसरीतल्या फार थोड्या शॉपमध्ये हे झालेलं असतं. तुमची बेरीज बरोबर आहे, वाटणीही पद्धतीला धरून आहे. पण बाबांना कसं पटवायचं, हा प्रश्न मी जरा बाजूला ठेवणार आहे. आकडे तुमच्या बाजूने आहेत हे तुम्ही गृहीत धरलंय, आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

अशाच पेचात असलेल्या इतर वाचकांसाठी तुमची मांडणी आधी सांगते. तुम्ही 9,60,000 चे चार गट केलेत. मशीन चालवण्याचा खर्च 4,80,000. तो 2,400 तासांवर, म्हणजे तासाला 200. सेटिंगचा खर्च, ज्यात तीन सेटर, टूल रूमचा माणूस आणि फिक्श्चरची (मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याची) देखभाल आली, तो 1,80,000. महिन्याला 60 सेटिंग होतात, म्हणून सेटिंगमागे 3,000. तपासणीचे 1,50,000, रिपोर्ट 100, म्हणून रिपोर्टमागे 1,500. आणि ऑर्डर, चलन, बिल, डिस्पॅच यांचे 1,50,000; अशी 150 कामं, म्हणून कामामागे 1,000. मग कोणी काय किती वापरलं ते पाहिलंत. 60 पैकी 50 सेटिंग लहान जॉबची, 100 पैकी 60 रिपोर्ट त्यांचे, 150 पैकी 90 चलनं-बिलं त्यांची. लहान जॉबच्या वाट्याला 4,50,000 आले, भागिले 3,000 नग, बरोबर 150 रुपये.

रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबिन कूपर या हिशेबशास्त्राच्या प्राध्यापकांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत मांडली ती नेमक्या याच दुखण्यावर. पूर्वी कारखान्यात मजुरी मोठी आणि बाकी खर्च लहान असायचा, तेव्हा मजुरीवर किंवा तासावर ओव्हरहेड वाटला तरी फारसं बिघडत नसे. मशीनं आली, मालाचे प्रकार वाढले, कागद वाढले आणि ओव्हरहेड फुगला. एकच माल हजारोंनी काढणाऱ्या जॉबवर त्यातला नको तेवढा भार पडू लागला, आणि दर दोन दिवसांनी सेटिंग मागणारा जॉब स्वस्तात सुटू लागला. तुमच्या शॉपमध्ये हे घडतंय यात शंका नाही. तुमच्या तक्त्याने ते पकडलं.

मात्र तो तक्ता एवढंच सांगतो की पैसा कुठे खर्च होतोय. पार्टी सोडली तर तो पैसा वाचेल, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तुमच्या एक्सेलच्या दुसऱ्या पानावर खर्चाची फोड आहे. तिच्यावरून पाहिलं तर लहान जॉब उद्या बंद झाले की खरोखर थांबणारे खर्च दोनच: त्या 600 तासांची वीज, कूलंट, इन्सर्ट मिळून सुमारे 55,000, आणि सेटिंगमध्ये वाया जाणारे पहिले नग व टेम्पोचं भाडं मिळून सुमारे 35,000. एकूण 90,000. शेडचं भाडं तेच राहतं, मशीनचा हप्ता तोच, तिन्ही सेटर तेच, क्वालिटीचा माणूस तोच, अकाउंटंटकाका तेच. आणि दर महिन्याला हातात येणारे 3,000 गुणिले 110, म्हणजे 3,30,000 मात्र जातात. आज तुम्हाला महिन्याला 66,000 नफा आहे. पार्टी सोडल्यावर 1,74,000 तोटा होईल. वाटल्यास ही वजाबाकी तुमच्याच आकड्यांवर स्वतः करून पाहा. उरलेला 8,70,000 ओव्हरहेड एकट्या फ्लँजवर बसेल, नगामागे 72.50. म्हणजे 58 सुटणाऱ्या फ्लँजवरही तोटा दिसायला लागेल. ऑपरेटरची मजुरी तर मी धरलीच नाही. पगारी माणसं असतील तर तीही लगेच थांबणार नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात मी असाच तक्ता घेऊन उभी राहिले होते. तोट्यातला माल बंद करा म्हणाले आणि त्यांनी ऐकलं. ओव्हरहेड जागचा हलला नाही. उरलेल्या मालावर दर चढला, मग त्यातला आणखी एक माल तोट्यात दिसू लागला, आणि तोही बंद करायची भाषा सुरू झाली. पाच-सहा महिने त्या माणसांनी माझ्या सल्ल्याची किंमत मोजली. तेव्हापासून कुठलाही तक्ता पाहिला की पहिला प्रश्न तोंडात येतो: यातलं थांबणार काय, आणि थांबवणार कोण?

सोडायचा प्रश्न खरा कधी उभा राहतो? मशीनं गच्च भरलेली असतील आणि चांगलं काम परत पाठवावं लागत असेल तेव्हा. तुमच्याकडे 9 मशीनं, दोन पाळ्या, 25 दिवस धरले तर 3,600 तास होतात. मशीनं चालतात 2,400. सेटिंगमध्ये 240 जातात. बंद पडणं, लाइट जाणं, गैरहजेरी वजा केली तरी बरेच तास रिकामे आहेत. फ्लँजसारखं दुसरं काम मिळालं तर ते लहान जॉबच्या शेजारी मावेल, त्यांना हाकलून जागा करावी लागणार नाही.

सेटिंगच्या 3,000 रुपयांकडे आता वळू, कारण तुमच्या तक्त्यातली सगळ्यात मोठी चूक मला तिथे दिसते. तुम्ही पूर्ण 1,80,000 झालेल्या 60 सेटिंगवर वाटलेत. पण तीन सेटर महिन्यात 600 तास शॉपवर असतात. चहा, जेवण, मीटिंग, शोधाशोध जाऊन 80 टक्के धरले तर 480 तास. सरासरी सेटिंगला 4 तास, म्हणजे 60 सेटिंगला 240. क्षमतेचा निम्माच भाग सेटिंगमध्ये जातोय. 1,80,000 भागिले 480 म्हणजे तासाला 375, आणि एका सेटिंगला 1,500. उरलेले 90,000 रिकाम्या क्षमतेचे आहेत. ते लहान जॉबच्या डोक्यावर मारणं म्हणजे दोघांच्या जेवणाचं बिल एकट्याकडून घेण्यासारखं आहे. ते वेगळ्या ओळीत दाखवा. कॅप्लन यांनी स्टीव्हन अँडरसन यांच्याबरोबर 2004 मध्ये पद्धतीचं जे वेळेवर आधारलेलं रूप मांडलं, त्याचा गाभा हाच: किती क्षमता विकत घेतली, त्यातली किती वापरली, आणि प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली. लहान शॉपला हेच रूप परवडतं. दर तिमाहीला सगळ्यांच्या मुलाखती घेत बसावं लागत नाही.

रिकामी क्षमता म्हणजे सेटर बसून असतात असा अर्थ मात्र काढू नका. ऑपरेटर आला नाही की सेटरच मशीनवर उभा राहतो, नवा मुलगा तोच शिकवतो, रिजेक्शन आलं की पार्टीकडे तोच धावतो. तक्त्यात त्याला नाव नाही एवढंच.

ही दुरुस्ती केली की लहान जॉबचा आकडा 150 वरून 125 वर येतो. सुटतात 110. तोटा अजून आहे, पण 40 नव्हे, 15.

आता जे सांगते ते कदाचित जड वाटेल. बाबांच्या पद्धतीवर तुमचा आक्षेप असा की ते सगळं एकाच सरासरीत ढकलतात. मग तुम्ही 14 जॉबचं काय केलंत? त्यांचीही एकच सरासरी काढलीत. तुमच्याच नोंदींत काही जॉबची लॉट, म्हणजे एका सेटिंगमध्ये काढलेली खेप, 20 नगांची आहे, काहींची 120 ची. प्रत्येक लॉटमागे सेटिंग 1,500, तपासणी साधारण 1,800, कागद आणि डिस्पॅच साधारण 1,800 धरा. लॉट 20 ची असो की 120 ची, हे 5,100 ठरलेले आहेत. त्यावर मशीनचे नगामागे 40. म्हणजे 120 च्या लॉटवर नगाला 82.50 पडतात आणि 110 सुटतात, हा फायदा झाला. 60 च्या लॉटवर 125. आणि 20 च्या लॉटवर 295! साधारण 73 नगांच्या वर फायदा, खाली तोटा. हे सगळं एकाच पार्टीच्या एकाच फाइलमध्ये आहे. तुम्हाला पार्टी तोट्यात दिसली, पण तोटा लहान लॉटमध्ये आहे.

म्हणून पार्टी ठेवायची की सोडायची यापेक्षा भाव कसा लावायचा हे बोलणं जास्त कामाचं. नगाचा दर आणि लॉटचं सेटिंग वेगळं दाखवून कोटेशन द्या. किंवा टप्पे करा: 25 पर्यंत एक दर, 75 पर्यंत दुसरा, त्यावर तिसरा. पार्टीच्या परचेसवाल्याला बहुधा माहीतच नसतं की 20 नगांची ऑर्डर तुम्हाला किती महाग पडते. त्याला तिन्ही टप्प्यांवर एकच दर मिळत आलाय, तर तो 20 च मागवणार. दोन महिन्यांची गरज एकदम मागवली तर काय वाचतं, ते त्याला कागदावर दिसू द्या. तो नाही म्हणाला, तरी जुना माणूस आहे, निदान तीन-चार जॉबवर वाढीव दर देईल. आणि जिथे तो काहीच द्यायला तयार नाही, असा एखादा जॉब जरूर सोडा. पार्टी सोडण्याची गरज त्यात येत नाही.

दुसरी वाट तुमच्या शॉपच्या आत आहे, आणि ती मला जास्त आवडते. शिगेओ शिंगो या उत्पादन-तज्ज्ञांनी जपानमध्ये दाखवलेली गोष्ट साधी होती: मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम आणि मशीन चालू असताना उरकता येणारं काम, हे दोन वेगळे करा. काही वर्षांपूर्वी मी भोसरीतच एका शॉपमध्ये व्हीएमसीशेजारी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनशेजारी) स्टूल टाकून एक पूर्ण सेटिंग पाहिलं. घड्याळ लावून, वहीत लिहून. पावणेचार तास लागले. त्यातली पंचेचाळीस मिनिटं फिक्श्चर शोधण्यात गेली. ते रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, दुसऱ्याच नंबरच्या पाटीखाली सापडलं, बोल्टच्या भोकांत जुनी बर, म्हणजे धातूचा किस, साचलेली. वीस मिनिटं एम 8 ची एक अ‍ॅलन की मिळेना म्हणून. आणि पहिला नग हातात धरून सेटर तासभर उभा होता, कारण तपासणीवाला जेवायला गेला होता आणि उंची मोजायचं हाईटगेज त्याच्या कपाटात कुलूपबंद होतं. प्रत्यक्ष सेटिंग, म्हणजे फिक्श्चर बसवणं, डायल लावणं, ऑफसेट घेणं, हे दीड-पावणेदोन तासांचं काम होतं. ते उत्तम झालं. त्या माणसाचा हात मी अजून विसरले नाही.

हे तुमच्याकडे कमी करता आलं तर 4 तासांचे अडीच होतील. मशीनचे तास मोकळे होतील. पैसा मात्र आपोआप हातात येणार नाही, तेवढं ध्यानात ठेवा. मोकळे झालेले तास नव्या कामाने भरले तरच तो येतो.

त्या नव्या कामासाठी तुमचा तक्ता सोन्यासारखा आहे, आणि पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकलंय याचं मला आश्चर्य वाटलं. चाकणच्या दुसऱ्या एका कंपनीचं फ्लँजचं कोटेशन गेल्या वर्षी दरामुळे हातचं गेलं, असं तुम्ही लिहिता. बाबांनी त्यात 60 रुपये ओव्हरहेड धरला होता. आता कळलं की असं काम 42.50 ला पेलतं. पुढच्या कोटेशनला हा आकडा वापरा. फक्त सध्याच्या कंपनीने दर कमी करा म्हटलं, तर तो वापरून पटकन खाली येऊ नका. तिच्याकडे तुमचे पैसेही अडकून असतात. महिन्याचं बिल 24 लाख आणि पैसे तीन महिन्यांनी, म्हणजे 72 लाख कायम बाहेर. 10 टक्के व्याज धरलं तर महिन्याला 60,000, फ्लँजमागे 5 रुपये. हे तुमच्या तक्त्यात नाही. पंपवाला महिन्याभरात पैसे देतो, तेही नाही. तुमच्या शॉपची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत. मोठ्या कंपनीशी त्यावर भांडणं सोपं नाही हे मला माहीत आहे. पण दराचं बोलणं निघेल तेव्हा दिवसांचंही काढा.

एक खबरदारी. हा तक्ता भाव ठरवायला आणि निर्णयाला वापरा. वर्षअखेरीला साठ्याची किंमत काढताना तो तसाच लावू नका. अकाउंटिंग स्टँडर्ड 2 प्रमाणे स्थिर उत्पादन खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा असतो आणि विक्रीचा, डिस्पॅचचा खर्च साठ्यात धरायचा नसतो. तुमच्या सीएंना विचारूनच पुढे जा.

आता बाबांविषयी. त्यांच्या पद्धतीने फ्लँजवर 60 बसतात आणि सुटतात 58. दोन रुपये तोटा दिसत असूनही त्यांनी ती घेतली, धरून ठेवली. का? लहान जॉबवर त्यांच्या हिशेबाने 80 च बसतात, तरी त्यांनी 110 सुटतील असा भाव लावला. का? मला वाटतं, सेटिंगचा जाच त्यांच्या हाताला ठाऊक आहे, फक्त तो कागदावर कधी उतरला नाही. जुनी कोटेशनं काढून पाहा. अनेक शॉपमध्ये मला समासात पेन्सिलीने लिहिलेलं सापडलंय: "लॉट कमी, दर वाढव." तुमच्याकडेही असं काही निघालं तर तुमचा तक्ता आणि त्यांचा अंदाज कुठे जुळतो ते दोघांनी मिळून बघा. आणि 2019 ची गोष्ट निव्वळ भावनेची समजू नका. त्या वर्षी वाहन उद्योग थंडावला तेव्हा कंपन्यांनी उत्पादन बंद ठेवण्याचे दिवस जाहीर केले, आणि एकाच गिऱ्हाइकावर उभी असलेली लहान शॉप्स सगळ्यात आधी आडवी झाली. पंपाचं काम त्या चाकावर फिरत नाही. याची किंमत तक्त्यात लिहिता येत नाही, पण ती आहे.

सुट्टीच्या दिवशी शॉपवर दोघंच जा, जुनी फाइल आणि तुमचा लॅपटॉप घेऊन. तुमच्या शॉपमधले जुने सेटर, ज्यांना तुम्ही पत्रात मामा म्हणता, त्यांना तासभर बोलवा आणि त्यांचा वेळ पगारात धरा. "एका सेटिंगला किती वेळ लागतो?" असं त्यांना विचारू नका. नोकरीवर गदा येतेय की काय, या धास्तीने कोणीही पूर्ण दिवस सांगेल. त्यापेक्षा विचारा, "मामा, या चौदांतले कुठले जॉब लावायला जिवावर येतं?" ते तीन किंवा चार नावं सांगतील. बाबांनाही तोच प्रश्न विचारा, पण वेगळ्या कागदावर. मग तुमच्या तक्त्यातले 73 नगांपेक्षा लहान लॉटचे जॉब काढा आणि तिन्ही कागद शेजारी ठेवा.